लाइन गेली अन् सिग्नल आला

आमची विहीर घरापासून साधारण चौदाशे मीटर लांब. मधात एक नाला, दोन संत्र्याचे बगीचे, आणि विहिरीपाशी मोबाइलचं नेटवर्क म्हणाल तर कडुलिंबावर चढलं तर एक दांडी येते. थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, त्यामुळे स्टार्टरला ऑटो लावून ठेवलेला, लाइन आली की मोटर आपोआप चालू. जून २०२३ मध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं, ऑटोनं रात्री दोनला मोटर चालू केली, सकाळपर्यंत ती कोरडीच फिरली आणि जळाली. रिवाइंडिंगचे ६,८०० गेले, आणि बाबा म्हणाले, "तू गावभराच्या मोटरी दुरुस्त करते, अन् घरची जाळते."

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला, वरूडला स्टार्टर, इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान आहे. मायक्रोवेव्ह हा विषय डिप्लोमात होता, तो मी ४१ मार्कांनी काढला होता, एवढंच माझं आरएफचं (रेडिओ लहरींचं) ज्ञान. विहिरीत पाणी किती आहे आणि मोटर चालू की बंद, हे घरी दिसावं आणि घरून मोटर बंद करता यावी, एवढाच डबा मला पाहिजे होता. सिमकार्डवाले डबे बाजारात मिळतात पण नेटवर्कच नाही तर सिम काय करणार. म्हणून वायरलेस. तीन महिन्यांत होईल असं वाटलं होतं, लागले वीस महिने. कोणी याच्यात उतरत असेल तर त्याला माझ्या चुका तरी आधी माहीत असाव्यात म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी नियम पाहा, मी उलट्या क्रमानं गेलो. ऑनलाइन ४३३ मेगाहर्ट्झची दोन मॉड्युलं मागवली, स्वस्त होती, आणि ती लावल्यावर वाचलं की आपल्याकडे ४३३ ची मोकळीक घरातल्या छोट्या वापरासाठी आहे, १० मिलीवॉटच्या आत. वावरासाठी योग्य पट्टा म्हणजे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. २००५ च्या नियमानं तो विनापरवाना खुला झाला, ट्रान्समीटरची पॉवर १ वॉटपर्यंत, अँटेनातून निघणारी ४ वॉटपर्यंत, बँडविड्थ (सिग्नल जेवढी रुंद जागा घेतो ती) २०० किलोहर्ट्झ. २०२१ मध्ये पट्टा ८६८ पर्यंत वाढवला. विनापरवाना म्हणजे काहीच विचारायचं नाही असं नसतं, उपकरण बनवून दुसऱ्याला द्यायचं तर त्याची मंजुरी लागते, त्याचं पुढे सांगतो.

मग ८६८ ची मॉड्युलं मागवली. आली. रेंज पन्नास मीटर. महिनाभर डोकं खाजवलं, शेवटी मॉड्युलवरचा पत्र्याचा डबा उचकटून आतले पार्ट डेटाशीटच्या सर्किटशी लावून पाहिले तर आत ४३३ चं फिल्टर आणि मॅचिंग (चिप आणि अँटेना एकमेकांना जुळवणारे पार्ट) बसवलेलं, वरून स्टिकर फक्त ८६८ चा. चिप तीच असते, ती दोन्ही फ्रिक्वेन्सीवर बोलते, पण तिच्या पुढचे कॉइल-कॅपॅसिटर ४३३ चे असतील तर ८६६ चा आवाज तिथंच गळा दाबून मरतो. १,४०० रुपये गेले, पण एक समजलं की चिपपेक्षा तिच्या आणि अँटेनाच्या मधातले ते चिमूटभर पार्टच खरं काम करतात. आणि तिथंच मला खाज सुटली की बोर्ड आपणच बनवावा. (खरं सांगायचं तर इथं थांबून दुसऱ्या दुकानातून बरं मॉड्युल घ्यायला पाहिजे होतं. एकच विहीर असेल तर तुम्ही तेच करा.)

ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये कायकॅडवर (सर्किट बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर) पहिला बोर्ड काढला. लोरावाली (लोरा म्हणजे कमी पॉवरमध्ये लांब बोलायची रेडिओ पद्धत) एसएक्स१२७६ चिप, दोन लेयरचा १.६ मिलिमीटर जाडीचा साधा एफआर-४ (काचेच्या फायबरचा) बोर्ड. मला स्टार्टरच्या वायरिंगची सवय, तिथं तार म्हणजे तार, इकडून करंट गेला की तिकडून निघाला. ८६६ मेगाहर्ट्झवर लहरीची लांबी ३४.६ सेंटिमीटर, पाव लहर पावणेनऊच्या जवळ, म्हणजे बोर्डावरचा दोन सेंटिमीटरचा ट्रॅकसुद्धा आता नुसती तार राहत नाही, त्याची रुंदी, खालच्या ग्राउंडपासूनचं अंतर, मधातल्या फायबरचा डायइलेक्ट्रिक (इन्सुलेशनचा गुण), सगळं मिळून त्याचा इम्पिडन्स (लहरीला होणारा विरोध) ठरतो आणि तो ५० ओहम पाहिजे. १.६ च्या बोर्डावर त्यासाठी ट्रॅक जवळपास ३ मिलिमीटर रुंद करावा लागतो. मी ०.३ चा ठेवला होता. बाकी सगळे ट्रॅक ०.३ चे होते म्हणून.

बोर्ड आले (२,३०० रुपये, शिपिंग धरून), हातानं सोल्डर केले, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चुलतभावाला गाडीवर पाठवलं टेस्टिंगला. फोन लागत नाही म्हणून ठरलं होतं की पॅकेट आलं की डब्यावर हिरवा एलईडी लागेल आणि तो दुपट्टा हलवेल. मी गच्चीवर. तो पहिल्या धुऱ्यापर्यंत (वावराच्या बांधापर्यंत) हलवत गेला, पिंपळापाशी थांबला, मग दुपट्टा खांद्यावर टाकून परत आला. पिंपळ घरापासून १८० मीटर. म्हणे, "दादा, एवढ्यात तं मी ओरडूनच सांगितलं असतं."

नोव्हेंबरात डिप्लोमाच्या वेळच्या एका सरांना भेटायला अमरावतीला गेलो, ते आता रिटायर आहेत. बोर्ड हातात घेऊन त्यांनी फक्त एकच विचारलं, "ग्राउंड कुठं आहे?" मी दाखवलं, हे काय, खालून पूर्ण तांबं आहे. ते म्हणाले पूर्ण कुठं आहे, मधून सेन्सरची ही लाइन आडवी गेली ना, आरएफचा परतीचा करंट बरोबर ट्रॅकच्या खालूनच येतो, त्याच्या वाटेत तू नाली खोदली. दुसरं म्हणजे पाव लहरीचा अँटेना अर्धाच असतो, उरलेला अर्धा त्याचं ग्राउंड असतं, आणि तुझा बोर्ड काडीपेटीएवढा. तिसरं, तुझ्याकडे मोजायला काय आहे? मी म्हटलं मल्टिमीटर. ते हसले नाहीत, उठून आतून एक जुनं पुस्तक आणलं आणि स्मिथ चार्टचं पान उघडलं. स्मिथनं हा चार्ट १९३९ साली छापला, तेव्हा कॅल्क्युलेटर नव्हते, म्हणून असं गणिताचं चित्र केलं, ते म्हणाले. मला डिप्लोमात तो चार्ट म्हणजे दिवाळीच्या रांगोळीसारखा वाटायचा, गोलात गोल. त्यांनी पेन्सिलनं एक टिंब ठेवलं, सिरीज कॉइल लावली की टिंब या गोलावरून वर सरकते, ग्राउंडला कॅपॅसिटर लावला की दुसऱ्या गोलावरून खाली, आणि आपल्याला कसंही करून मधल्या बिंदूवर यायचं आहे, बस. वीस मिनिटांत जे समजलं ते सेमिस्टरभर समजलं नव्हतं. येताना एसटीत तिकिटाच्या मागं गोल काढत बसलो.

डिसेंबरमध्ये नॅनोव्हीएनए घेतला, ५,८०० रुपये. या सगळ्या खर्चात एकच खर्च मला अजिबात बोचला नाही तो हा. मोबाइलएवढं यंत्र असते, तारेतून सिग्नल पाठवते आणि किती परत आला ते दाखवते. कॅलिब्रेशन करूनच मोजायचं, म्हणजे सोबतच्या तीन टोप्या (ओपन, शॉर्ट, लोड) आळीपाळीनं लावायच्या, आणि ज्या केबलनं मोजणार त्याच केबलच्या टोकाला लावायच्या. मी पहिले दोन दिवस यंत्राच्या तोंडाशी कॅलिब्रेट करून मग एक मीटर केबल जोडत होतो आणि मग म्हणत होतो यंत्र खराब आहे.

माझ्या बोर्डावर ८६६ ला रिटर्न लॉस आला ४ डीबी (डीबी हे पटीचं माप, दर दहा डीबीला पॉवर दहापट). म्हणजे पाठवलेल्यातला ४० टक्के वापस. आणि हात जवळ नेला की आकडा हले, बोर्ड डब्यात ठेवला की हले, शेजारी बॅटरी सरकवली की हले. आमच्या प्लॅस्टिकच्या आयपी-६५ (धूळ-पाणी न शिरणाऱ्या) डब्यात ठेवल्यावर अँटेनाचा डिप (जिथं सगळ्यात कमी वापस येते ती फ्रिक्वेन्सी) ८६६ वरून सरळ ८३८ वर गेला. तेव्हा अँटेना टेबलावर कधीच ट्यून करू नका. शेवटच्या डब्यात, बॅटरी आत, झाकण लावून, डबा जसा उभा राहणार तसा उभा करून मगच. आणि अँटेनाची तार साडेनऊ सेंटिमीटरपासून सुरू करून अर्धा-अर्धा मिलिमीटर कापत या. पहिल्या दिवशी मी घाईत दोन-दोन मिलिमीटर उडवले आणि ९१० च्या पलीकडे गेलो.

जानेवारी २०२४ मध्ये दुसरा बोर्ड. यावेळी चार लेयर, कारण वरच्या लेयरपासून ग्राउंड ०.२ मिलिमीटरवरच असते, ५० ओहमचा ट्रॅक ०.३५ च्या आसपास बसतो आणि ग्राउंड एक पूर्ण लेयर मोकळं ठेवता येते. मधून काहीही न्यायचं नाही अशी शपथ घेतली. अँटेनाआधी ग्रीक अक्षर पाय (π) च्या आकाराच्या मॅचिंगसाठी तीन पार्टच्या जागा ठेवल्या, लागो न लागो. बोर्ड बाहेरदेशातून मागवले, ७,९०० पडले कस्टम धरून. कुरिअरवाल्यांनी आधार आणि पॅनची केवायसी मागितली, मी फोटो पाठवला तो तिरपा निघाला म्हणून नाकारला, त्यात नऊ दिवस पार्सल अडकलं. स्कॅन करून पीडीएफ आधीच तयार ठेवा.

मॅचिंग छान झालं. रिटर्न लॉस १७ डीबी, म्हणजे वापस येणारं फक्त २ टक्के. मी खुश, आईला पण स्क्रीन दाखवली, ती म्हणाली खड्डा चांगला पडला. रेंज किती वाढली? २६० मीटर.

आता इथं हिशोब मांडतो, कारण हा हिशोब मी तेव्हा मांडला नव्हता आणि दोन महिने वाया घालवले. ४० टक्के वापस यायचे थांबले म्हणजे किती फायदा, तर जेमतेम सव्वादोन डीबी. तेवढ्यात १८० चे १४०० होत नाहीत. मोकळ्या हवेत १.४ किलोमीटरला ८६६ वर लॉस होतो ९४ डीबी. मी पाठवतो १४ डीबीएम (एक मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेले डीबी), म्हणजे २५ मिलीवॉट. तर विहिरीपासून घरी पोचायला पाहिजे उणे ८० डीबीएम, चला झाडं, जमीन, नाला यांचे आणखी ३० डीबी गेले असं धरू, तरी उणे ११०. आणि चिप तर उणे १३० च्याही खालचं ऐकते म्हणून डेटाशीट सांगते. म्हणजे कागदावर वीस डीबी शिल्लक असताना वावरात सिग्नल पिंपळाच्या थोडंच पुढे जात होता. जे कागदावर शिल्लक आहे आणि वावरात नाही ते कोणीतरी खाऊन राह्यलं, आणि मी मात्र अँटेनाच कापत बसलो होतो.

चोर सापडला तो माझ्या हुशारीनं नाही. ९ मार्चला संध्याकाळी सव्वासातला लाइन गेली. नेहमीचंच. घरचा रिसीव्हर मोबाइलच्या चार्जरवर चालायचा आणि बॅकअपला एक १८६५० चा लिथियम सेल होता. अंधारात बसलो होतो तर रिसीव्हरचा हिरवा एलईडी लागला. परत लागला. विहिरीवरचा डबा दर मिनिटाला पाठवत होता तो तसाच महिनाभर पाठवत होता, आणि आज चौदाशे मीटरवरून एकामागं एक पॅकेट यायला लागली. आई मेणबत्ती शोधत होती, मी म्हटलं लावू नको, थांब. सव्वाआठला लाइन आली आणि एलईडी मेला.

मग मोजलं. कोणीच बोलत नसताना रिसीव्हरला किती आवाज (नॉइज, नको असलेला सिग्नल) ऐकू येतो ते चिप सांगते. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थमध्ये उष्णतेचा म्हणून जो आवाज असतो, जो कोणालाच चुकत नाही, तो उणे १२३ डीबीएम, त्यात चिपचा स्वतःचा सहा धरला तर उणे ११७. सेलवर आकडा उणे ११५ च्या आसपास येई. चार्जर आणि त्याच्या पुढचा ३५ रुपयांचा बक कन्व्हर्टर (भराभर चालू-बंद करून व्होल्टेज कमी करणारा) चालू असला की उणे ९६. एकोणीस डीबी! आणि वीस डीबी म्हणजे मोकळ्या जागेत अंतराचा दहापट फरक. रिसीव्हरच्या कानाशीच कोणी डफडं वाजवत होतं, आणि मी विहिरीवरच्याला म्हणत होतो जोरात बोल.

बक काढला, त्याच्या जागी साधा लिनिअर रेग्युलेटर (चालू-बंद न करता व्होल्टेज कमी करणारा) टाकला, चार्जर दीड मीटर लांब नेऊन वायरवर आवाज रोखणारे दोन फेराइट मणी लावले. चुलतभाऊ परत दुपट्टा घेऊन गेला आणि यावेळी विहिरीपाशी, तिथून आणखी पुढे रस्त्यापर्यंत हलवत गेला, पार दिसेनासा होईपर्यंत.

त्याच जोशात मी रिसीव्हरच्या आधी एक एलएनए लावून पाहिला, कमजोर सिग्नल मोठा करणारा. गावात बरं चाललं, वरूडच्या दुकानात लावला तर रिसीव्हर ठार बहिरा. शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि ८५० बँडच्या टॉवरचं बोलणं ८६९ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होते, आपल्या ८६६ च्या दाराशी. एलएनए सगळ्यांनाच मोठं करतो, टॉवरला आधी. सॉ फिल्टर (फक्त आपला पट्टा आत सोडणारी चाळणी) लावल्याशिवाय एलएनएच्या नादी लागू नका. मी तो काढूनच टाकला.

एप्रिल मस्त गेला. १४ मेपासून दुपारी अकरा ते पाच डबा गप्प. रात्री ठणठणीत. आमच्याकडे मे म्हणजे ४५-४६ डिग्री, विहिरीवर सावली नाही, डब्यात थर्मामीटर ठेवला तर ६३. आधी वाटलं बॅटरी, मग वाटलं सोल्डर. पण डबा चालू होता, मोटर बंद-चालू बरोबर करत होता, फक्त ऐकू येत नव्हता. लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल (टीव्ही ट्यूनरचाच भाऊ, हवेतला सिग्नल पडद्यावर रेघेसारखा दाखवतो) लावून घरी कूलरसमोर बसलो आणि डब्याला साधा एकसुरी टोन पाठवायला लावला. सकाळी सहाला रेघ जिथं होती त्याच्यापासून दुपारी दोनला ती ९ किलोहर्ट्झ सरकलेली. फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तापला होता. दहा पीपीएम ऐकायला काहीच नाही, दहा लाखात दहा, पण ८६६ मेगाहर्ट्झचे दहा पीपीएम म्हणजे ८.६६ किलोहर्ट्झ. आणि मी शहाणपणा करून, सेन्सिटिव्हिटी वाढावी म्हणून, मार्चमध्ये बँडविड्थ १२५ वरून २०.८ किलोहर्ट्झ केली होती. लोराला बँडविड्थच्या साधारण पाव भागाएवढी चूक चालते, म्हणजे २०.८ ला पाच, १२५ ला एकतीस. ६२.५ च्या खाली जायचं तर टीसीएक्सओ लावा, तापमान सांभाळणारा क्रिस्टल, हे डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलंही होतं, डिसेंबरात, शेकोटीपाशी बसून.

बँडविड्थ परत १२५ केली, डब्यावर पांढरा रंग मारला, वर पत्र्याची टोपी लावली, पुढच्या बोर्डात टीसीएक्सओ टाकला. दुपारचं भूत गेलं.

पावसाळ्यानं फार त्रास दिला नाही. जुलैत ओल्या पानांनी आठ-नऊ डीबी खाल्ले. सरांनी आधीच सांगितलं होतं की समोर दिसते म्हणजे लाइन मोकळी असं नसते, १.४ किलोमीटरच्या बरोबर मधात लहरीला चारही बाजूंनी अकरा मीटर जागा लागते, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. संत्र्याची झाडं चार-पाच मीटरची, तिथं अकरा मीटर कुठून आणणार. विहिरीवरचा पाइप तीनवरून सहा मीटर केला, पाइपाला अर्थिंग दिलं, सात डीबी परत मिळाले.

आतापर्यंत गावात बातमी फुटली होती. काका, मामा, शेजारचे, सगळे म्हणाले आम्हाला पण पाहिजे. बाबांना मात्र पटेना. "मोटर चालू हाय का बंद एवढंच पाह्याचं, त्याच्यासाठी दिल्लीची परवानगी काऊन लागते?" लागते, कारण हवेत सोडलेली लहर धुरा पाहून थांबत नाही. वायरलेस उपकरण विकायचं म्हणजे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेसचं नियोजन पाहणाऱ्या) शाखेकडून इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजे ईटीए. अर्ज सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन, पण त्याला मान्यताप्राप्त लॅबचा आरएफ टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. त्याआधी मी उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) केली. ती सरकारी साइटवर फुकट आहे, आधारच्या ओटीपीवर पंधरा मिनिटांत होते. मी तालुक्यात एकाला १,५०० देऊन बसलो, नंतर कळलं.

लॅब पुण्यात मिळाली. कोटेशन ३८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४४,८४०, पूर्ण रक्कम आधी. तारीख मिळाली ऑक्टोबर २१, पाच आठवडे थांबून. आंबिया बहाराचा ॲडव्हान्स आला होता त्यातून दिले, घरी आठ दिवस कोणी धड बोललं नाही. बडनेऱ्याहून रात्रीची ट्रेन, पिशवीत तीन डबे, सुट्ट्या बॅटऱ्या आणि आईच्या पुऱ्या.

ती खोली जन्मात विसरणार नाही. भिंती, छत, सगळीकडे फोमचे निळे सुळके, लहर आपटून वापस येऊ नये म्हणून, आणि आत बोललं तर स्वतःचा आवाजसुद्धा ओठापाशीच पडतो. मधात लाकडी टेबल फिरते, त्यावर माझा डबा एकटा. पॉवर बरोबर, बँडविड्थ बरोबर, फ्रिक्वेन्सी बरोबर. मग त्यांनी वरचा भाग पाहायला सुरुवात केली. १७३२ ला एक काडी उभी, २५९८ ला दुसरी, त्याहून उंच. ८६६ ची दुप्पट आणि तिप्पट, हार्मोनिक. दोन्ही मर्यादेच्या वर. इंजिनिअर पोरगी होती, पंचविशीतली, तिनं बोर्ड मागितला, भिंगातून पाहिला आणि म्हणाली, "दादा, तुम्ही चिप कंपनीच्या रेफरन्स डिझाइनमधलं फिल्टर का काढलं?" जागा वाचवायला, मी म्हटलं. तिसरा-चौथा पार्ट काहीच करत नाही असं वाटलं होतं कारण ते काढून रेंज कमी झाली नव्हती. होणार कशी, ते रेंजसाठी नव्हतेच, ते दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून होते.

तिनं आणखी एक दाखवलं जे कुठल्याच लेक्चरमध्ये माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. उरलेल्या दोन कॅपॅसिटरचं ग्राउंड मी एकाच ट्रॅकनं लांबवर नेऊन एका व्हायात (खालच्या लेयरला जोडणाऱ्या तांब्याच्या भोकात) टाकलं होतं. बोर्डाच्या आरपार जाणारा एक व्हाया म्हणजे ढोबळ मानानं एक नॅनोहेन्रीची बारकी कॉइलच, आणि २.६ गिगाहर्ट्झवर एका नॅनोहेन्रीचे सोळा ओहम होतात. जमिनीला टेकवला म्हणून समजत होतो तो कॅपॅसिटर सोळा ओहमाच्या खुंटीवर लटकलेला होता. प्रत्येक कॅपॅसिटरला स्वतःचे दोन-दोन व्हाया, पॅडला लागून. आता मी कोणाचाही बोर्ड हातात घेतला की आधी तेच मोजतो.

परतीच्या ट्रेनमध्ये झोप आली नाही. चव्वेचाळीस हजार आठशे चाळीस हा आकडा चाकाच्या ठेक्यात वाजत होता. लॅबला जायच्या आधी प्री-स्कॅन (खऱ्या टेस्टआधीची कच्ची तपासणी) करून घ्या, तासावर पैसे लागतात, मला ३,५०० सांगितले होते आणि मी कशाला म्हटलं होतं. तेही जमत नसेल तर नॅनोव्हीएनएनं निदान तुमचं फिल्टर १७०० च्या वर काय करते तेवढं पाहून घ्या, मात्र यंत्र तिथपर्यंत मोजणारं घ्या.

नोव्हेंबरात तिसरा बोर्ड, फिल्टर पूर्ण, व्हाया भरभरून, टीसीएक्सओ. १९ डिसेंबरला रिटेस्ट, १२,००० अधिक जीएसटी. दोन्ही काड्या खाली. तीच पोरगी होती, तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि चहा मागवला.

रिपोर्ट ६ जानेवारीला ईमेलनं आला. पोर्टलवर खातं, फर्मचे कागद, सही करणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र लेटरहेडवर, डेटाशीट, रिपोर्ट. लेटरहेड माझ्याकडे नव्हतं, वरूडच्या प्रेसमध्ये शंभर छापले, अठ्ठ्याण्णव अजून पडले आहेत. आठ दिवसांनी शंका आली, अर्जातलं मॉडेलचं नाव आणि रिपोर्टमधलं नाव जुळत नाही. रिपोर्टमध्ये नावात मधात आडवी रेघ होती, मी अर्जात जागा सोडली होती. चूक माझीच, पण लॅबकडून खुलाशाचं पत्र आणून परत टाकण्यात आणखी तीन आठवडे गेले. डब्यावरचं लेबल, डेटाशीट, रिपोर्ट, अर्ज, सगळीकडे नाव एकाच ठिकाणावरून कॉपी-पेस्ट करा, हातानं टाइप करूच नका. १८ फेब्रुवारी २०२५ ला सर्टिफिकेट डाउनलोड झालं. बाबांना प्रिंट दाखवली, त्यांनी चष्मा लावून पूर्ण पाहिली, मागं पलटवून पाहिली, मागं कोरी होती.

एकूण लाखाच्या थोडं खाली गेले, प्रवास धरून, माझा वेळ सोडून. आता अकरा विहिरींवर डबे आहेत. रानडुकराची भीती मनात घेऊन रात्री वावरात जायचं बाबांचं काम आता संपलं, पण झोपायच्या आधी ते एकदा गच्चीवर जातात आणि रिसीव्हरला "काऊन बे, चालू हाय ना?" विचारतात.

सध्या नवीन वांधा वानरांचा आहे. पाइपाच्या टोकावरचा अँटेना त्यांना धरायला बरा सापडतो, मार्चमध्ये दोन वाकवले आणि एक तर काढून नालापार नेला. म्हणून अँटेना आता पीव्हीसी पाइपाच्या आत घालतोय. पाइपात घातल्यावर डिप परत सरकला, ८६६ वरून ८५१ वर. दीड मिलिमीटर कापला.